बुजरा घोडा : मालकांसाठी चार गोष्टी

सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा उरकली की आम्हा घोडे शिकवणाऱ्यांचा फोन वाजायला लागतो. "घोडा देखणा आहे, भोवऱ्या शुभ आहेत, पण फार बुजतो." भोवऱ्यांबद्दल, म्हणजे अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून पाहतात त्या शुभ-अशुभाबद्दल, आम्ही बोलत नाही. जागा नवी, माणसं नवी, सोबतचे घोडे सुटलेले, मग तो बुजणारच.

आमच्याकडून शांत होऊन गेलेला घोडा पुन्हा बिघडून येतो तो बहुतेक एकाच कारणाने. रस्त्यात पिशवी उडते, घोडा दचकतो आणि धरणारा दोरी हनुवटीशी आवळून चाबूक ओढतो. घोडा एवढंच शिकतो की पिशवी दिसली की मार बसतो. पुढच्या वेळी तो आधीच उधळतो, आणि आमची सगळी मेहनत पहिल्यापासून!

त्यापेक्षा दोरी हातभर सैल सोडा, पण हाताला गुंडाळू नका. खांद्याजवळ उभे राहा. कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं त्याला दिसत नाही. मग नुसते थांबा. तो टक लावून बघेल, फुरफुरेल, मान खाली घेईल. तेव्हा आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, त्याने छातीचे ठोके उतरतात. मानेवर फाडफाड थापा मारणं म्हणजे लाड नव्हे. आणि डावीकडून ओळखीची झालेली पिशवी उजव्या डोळ्याला नवी वाटू शकते, तेव्हा दोन्ही बाजूंनी दाखवा.

"महिन्याचे पैसे घेता आणि पंधरा दिवस खोगीरही चढवत नाही?" असं विचारतात. त्या दिवसांत खरारा म्हणजे अंग घासणं, पाय उचलून धरणं आणि मोरखीवर, म्हणजे तोंडाला बांधलेल्या दोरीवर, चालणं होतं. नालबंदाला निमूट पाय देणारा घोडा तेव्हाच तयार होतो. पाय बांधून तीन दिवसांत गप्प केलेला घोडाही मिळतो, स्वस्तात मिळतो. बँड वाजला की त्याचं खरं कळतं.

वरातीसाठी हवा असेल तर आधीच सांगा. चंदी म्हणजे दाण्याचा खुराक खाताना ताशाचं रेकॉर्डिंग हळू लावून आवाज रोज थोडा वाढवतो. फटाक्यांची हमी मात्र आम्ही देत नाही.

न्यायला येताना त्याला रोज हाताळणारा माणूस सोबत आणा. नुसते मालक आले तर घोडा सोडत नाही, राग मानू नये. त्या माणसाने दोन दिवस इथे राहून आमच्यासमोर घोडा धरायचा. राहण्या-जेवणाचे वेगळे पैसे नाहीत.