पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग जोरात?

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पहाटे पळणाऱ्या आमच्या कंपूतली एक मैत्रीण गेल्या वर्षी मजेत सांगायची, "आठ महिने पाळी नाही. ट्रेनिंग जोरात चाललंय!" घरचेही खूश, कारण गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी लागली नाही. (पाळीचं देवाला वावडं असतं, हे कोणी ठरवलं कोण जाणे.) मग तिची नडगी दुखू लागली. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर.

पळण्याच्या ताणाने पाळी जाते, असं सर्रास म्हटलं जातं. संशोधक ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांत मात्र खर्च झालेली ऊर्जा खाण्यातून भरून दिली, तर व्यायाम करूनही पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) ठोक्यांचा वेग मंदावला नाही. बिघडवते ती व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराला उरलेली तुटपुंजी शिल्लक.

हे ठोके फार सुंदर प्रकरण आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं संप्रेरक सलग सोडत नाही; साधारण तास-दीड तासाने एकेक ठोका देतो. तो ऐकून पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं संप्रेरक सोडते, त्यावर बीजांडकोश चालतो आणि इस्ट्रोजेन तयार होतं. १९७०च्या दशकात शास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांनी हायपोथॅलॅमस निकामी केलेल्या माकडिणींना तासाला एक ठोका या हिशोबाने जीएनआरएच दिलं, तेव्हा पिट्युटरी कामाला लागली. तेच सलग दिल्यावर एलएच उलट घसरलं! म्हणजे निरोप नुसत्या रसायनात नाही, लयीत आहे.

पोट रिकामं राहिलं की चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक दोनेक दिवसांतच घटतं, वजन फारसं उतरायच्या आत. जीएनआरएचच्या पेशींना ते थेट कळत नाही. मेंदूतल्या किसपेप्टिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशींसारखे मधले दुवे ही खबर पोचवतात आणि ठोके विरळ होतात. इस्ट्रोजेन कमी झालं की हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींवरचा लगाम सुटतो. त्यात थायरॉइडचं टी३ हे संप्रेरक आणि वाढीला चालना देणारं आयजीएफ-१ही उतरतं, म्हणून नवं हाडही नीट भरत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या सगळ्या पसाऱ्याला 'रेड-एस' (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिलं.

आता मैत्रिणीचं गणित. वजन ५५ किलो, त्यातली चरबी वजा जाता ४४. खाणं १,७०० कॅलरी. १४ किलोमीटर पळण्यात गेल्या अंदाजे ७७०. उरल्या ९३०, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे २१. लाउक्स यांच्या २००३च्या प्रयोगात ३०च्या खाली गेल्यावर पाचच दिवसांत एलएचची लय बिघडली होती. ४५ला ती ठीक होती. हा आकडा प्रत्येकीला तंतोतंत लागू होत नाही, पण २१ म्हणजे उपासच. तोही संकष्टीच्या साबुदाणा खिचडीशिवायचा.

गर्भनिरोधक गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण तो गोळ्यांचा. ठोके परतल्याची खूण नव्हे. 'हार्मोन बॅलन्स'च्या बियांच्या पुड्यांबद्दल न बोललेलं बरं. डॉक्टरांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन, गर्भधारणा हे सगळं तपासून बाजूला काढलं आणि तिला आहारतज्ज्ञाकडे धाडलं. पाळी यायला पाच महिने लागले. हाडाची घनता अजून मागेच आहे. टेकडी उतरल्यावर नुसती काळी कॉफी पिणारी ती आता पोह्यांची दुसरी प्लेट मागवते.