चिनी इलेक्ट्रिक गाड्या केवळ अनुदानामुळे स्वस्त आहेत का?

चिनी इलेक्ट्रिक गाड्या सरकारी अनुदान आणि स्वस्त मजुरी यांच्या जोरावरच स्वस्त पडतात आणि आयात शुल्क वाढवले की प्रश्न मिटेल, हा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे. त्यातील अनुदानाचा भाग खरा आहे. युरोपीय संघाने चौकशीअंती ऑक्टोबर २०२४ मध्ये नेहमीच्या १० टक्के शुल्काखेरीज बीवायडी या चिनी कंपनीच्या गाड्यांवर १७ टक्के, तर टेस्लाच्या शांघायमध्ये बनणाऱ्या गाड्यांवर ७.८ टक्के जादा शुल्क लावले.

परंतु किमतीतील तफावतीचा उलगडा एवढ्याने होत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि बीवायडी ही १९९५ मध्ये बॅटरी बनवण्यासाठीच सुरू झालेली कंपनी. गाड्यांच्या व्यवसायात ती २००३ मध्ये उतरली. तिने २०२० मध्ये आणलेल्या ‘ब्लेड’ बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन वापरलेले असल्यामुळे महागडे निकेल आणि कोबाल्ट लागत नाही. शिवाय लांबट, पातळ सेल (बॅटरीचे मूळ घटक) मधल्या मॉड्यूलशिवाय, म्हणजे सेलचे छोटे गट न करता, थेट पॅकमध्ये (गाडीच्या पूर्ण बॅटरीत) बसवले जात असल्याने सुटे भागही कमी होतात. हे कौशल्य आहे, आणि ते मान्य न करता आखलेले कोणतेही धोरण मला अपुरे वाटते.

खरेदीदारांना मिळणारे राष्ट्रीय अनुदान चीनने २०२२ अखेर बंद केले, तरीही २०२३ मध्ये तिथल्या कंपन्यांनी एकमेकींच्या चढाओढीत किमती आणखी उतरवल्या. शुल्कामुळे स्थानिक उत्पादकांना अवधी जरूर मिळतो; सेलचे कारखाने आणि लिथियम, ग्रॅफाइट यांच्या शुद्धीकरणाची सोय मात्र त्या अवधीत त्यांना स्वतःच उभारावी लागते.