सोमवारची पोटदुखी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एका पोराचं पोट नेमकं सोमवारी दुखायचं. आजी ओवा चावायला देई आणि दप्तर पाठीवर चढवी. वर्गात त्याला 'तोतऱ्या, तोतऱ्या' म्हणत घेरतात, हे घरात ठाऊक होतं. 'पोरं चिडवायचीच, तू लक्ष देऊ नकोस', एवढ्यावर विषय संपे. 'बुलिंग' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता; मस्करीत सगळं खपायचं.

मूल शाळेत आलंच पाहिजे, हे मात्र बडोद्याने फार आधी ठरवलं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर नेलं. मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. वर्गात त्याचं काय होतं, हे पाहायला कुणी नव्हतं. तिथे 'छडी लागे छमछम'च. देशभरासाठी शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ ने. तेही उल्लंघन झालं तर कारवाई सेवानियमांनुसार. म्हणजे कायद्याच्या नजरेसमोर शिक्षकच. मागच्या बाकावरची टोळी नाही.

त्या टोळीचा अभ्यास सुरू झाला स्कँडिनेव्हियात. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात स्वीडनमधल्या शाळकरी मुलांवर काम केलं. पण सरकार हललं ते १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी, बहुधा सोबत्यांच्या छळापायी, जीव दिल्यावर. पुढच्याच वर्षी शाळेतल्या छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम निघाली.

घरातल्या जखमांचा शोध वेगळ्याच वाटेने लागला. कॅलिफोर्नियात व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन छान उतरत असलेली माणसंच मधूनच उपचार सोडून जात. विचारपूस केल्यावर अनेकांच्या लहानपणीचे अत्याचार बाहेर आले. मग संशोधक रॉबर्ट अँडांसोबत त्यांनी मोठा अभ्यास केला. तो १९९८ मध्ये छापून आला. मारहाण, व्यसनी पालक, घरातला हिंसाचार असे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात नैराश्य, व्यसनं आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी जास्त आढळले. गंमत म्हणजे त्या यादीत शाळेतला छळ नव्हताच.

ती उणीव पुढे ब्रिटनमध्ये भरून निघाली. १९५८ साली जन्मलेल्या ७,७७१ मुलांच्या पालकांना, मूल सात आणि अकरा वर्षांचं असताना, त्याला कुणी छळतं का, हे विचारलेलं होतं. २०१४ च्या अहवालात दिसलं, की वारंवार छळ सोसलेल्यांना मोठेपणी नैराश्य आणि चिंताविकार अधिक होते. पन्नाशीतही त्यांचा गोतावळा तोकडा होता.

आमच्या वाड्यातला तो पोरगा आता पन्नाशीपुढे आहे. फोन आला की अजून बायकोच्या हातात देतो.