निकोडेमस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत वसलेले खेडे. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस ज्या वसाहती केल्या, त्यांपैकी आजवर तग धरून राहिलेली ही एकमेव मानली जाते. २०२०च्या जनगणनेत येथील लोकसंख्या अवघी १४ होती.

गावाची आखणी १८७७ साली झाली. डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा गृहस्थ आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून वसाहत कंपनी काढली. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे कसून दाखवणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. त्याच बळावर केंटकीतील माजी गुलामांमध्ये पत्रके वाटली गेली. पत्रकांतले वर्णन मोहक होते; जागेवर मात्र उघडा माळ. सप्टेंबर १८७७मध्ये सुमारे ३०० जण रेल्वेने एलिस या स्थानकापर्यंत आले आणि तिथून पायी निघाले. पोचल्यावर कित्येक कुटुंबांनी लगेच परतीची वाट धरली. संतापलेल्या लोकांपासून हिलला लपून बसावे लागले, अशी आख्यायिका आहे.

इमारती लाकूड नव्हते, म्हणून लोकांनी टेकडीच्या उतारात खोदून घरे केली. १८७८च्या वसंतात केंटकीहून आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण प्रसिद्ध आहे. निकोडेमस कुठे आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा सोबतच्या पुरुषांनी जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. घरे जमिनीखाली होती. वर दिसत होता तो फक्त चुलींचा धूर. ते पाहून त्यांना रडू कोसळले. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी अन्न दिले, म्हणून पुष्कळांचा जीव वाचला. नांगराला जनावरे नव्हती. बऱ्याच जणांनी कुदळ-फावड्यानेच माळ फोडला. झॅक फ्लेचर यांनी दुकान आणि टपालाचे काम सांभाळले, तर त्यांच्या पत्नी जेनी यांनी शाळा सुरू केली.

१८७९ साली दक्षिणेतून कॅन्ससकडे कृष्णवर्णीयांचा जो मोठा लोंढा आला, त्यात या गावाला सर्रास गोवले जाते. ते बरोबर नाही. निकोडेमस त्याआधीच उभे राहिले होते आणि थोड्याच वर्षांत चांगले जमही धरू लागले. १८८०च्या दशकात येथे दुकाने, हॉटेल, चर्च आणि दोन वृत्तपत्रे होती. येथे येऊन वकिली करणारे एडवर्ड मॅककेब १८८२मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले.

मग रेल्वे हुकली. मिसूरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीला गावात आणण्यासाठी १८८७ साली लोकांनी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, पण बोलणी फिसकटली. १८८८मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग सॉलोमन नदीपलीकडून गेला आणि व्यापारी आपापली दुकाने उचलून तिकडच्या बोग या नव्या गावी निघून गेले. रेल्वेने निकोडेमस संपवले, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. बाजार गेला, शेतकरी राहिले. गावाला खरी ओहोटी लागली ती १९३०च्या दशकातील दुष्काळ आणि मंदीत. १९५३ साली टपाल कार्यालय बंद झाले, पुढे शाळाही.

गाव टिकले ते बाहेर गेलेल्यांमुळे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी संपुष्टात आली. तिच्या स्मरणार्थ येथे मुक्तिदिन साजरा होऊ लागला. त्यालाच आता ‘होमकमिंग’ म्हणतात. कोकणातले चाकरमानी जत्रेला गावी येतात, तशी जुलैअखेरीस डेन्व्हर, टोपीका, कॅन्सस सिटीकडची घराणी येथे जमतात. मिरवणूक, गावजेवण, रविवारची प्रार्थना असा बेत असतो. एकेकाळी बेसबॉलचे सामनेही रंगत. ‘निकोडेमस ब्लूज’ हा गावचा संघ होता. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाकडून खेळलेले व्हेरिल स्विट्झर हे याच गावचे.

१९९६मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. वंशजांच्या पाठपुराव्याचे ते फळ. दोन चर्च, हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल या पाच वास्तू त्यात येतात. हॉल १९३९ साली सरकारी रोजगार योजनेतून स्थानिक चुनखडीच्या दगडात बांधला गेला. राष्ट्रीय उद्यान सेवेने येथे माहिती केंद्र चालवले असले, तरी होमकमिंगची जुळवाजुळव आजही वंशजच करतात.