वीज आणि दोन पावलांतलं अंतर

ढग गडगडायला लागले की घोळक्यातलं कुणीतरी विचारतंच, ‘आपल्यात पायाळू कुणी नाही ना?’ त्याच्या जोडीला हल्ली ‘मोबाइल बंद करा, वीज खेचतो’ हेही ऐकू येतं. जन्मताना आधी पाय आले की डोकं, याच्याशी ढगातल्या विद्युतभाराला काही देणंघेणं नाही. मोबाइलही वीज ओढत नाही. उलट आसपास वीज पडतेय का हे सांगणारं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप त्यावरच चालतं. तेव्हा तो चालूच राहू द्या.

मुंबईहून एका दिवसात राजमाची किल्ल्याच्या उदयसागर तलावापर्यंत जाऊन यायचं, तर विजेची धास्ती वळवाच्या आणि परतीच्या पावसात जास्त. जुलैत चिंब भिजाल, ओढे अडवतील, पण घाटावरचे तेव्हाचे ढग बहुधा बुटके असतात. वीज तयार व्हायला ढगाचा माथा उणे १० ते उणे २० अंशांच्या थराच्या वर जावा लागतो. तिथे मऊ गारा आणि बर्फाचे स्फटिक एकमेकांवर आपटून भार वेगळे होतात. असा ढग वाढतो तो दुपारी: तापलेली जमीन, समुद्राकडून आलेली दमट हवा आणि तिला वर रेटणारी घाटाची भिंत. म्हणून पहाटेची कर्जत लोकल धरा. कर्जतजवळच्या कोंदिवडे गावाहून कोंढाणे लेण्यांच्या वाटेनं चढायला तीन तास धरा आणि बारा वाजता तलावावरून पाठ फिरवा.

आता खरा मुद्दा. वीज थेट अंगावर पडून जितके दगावतात, त्याहून जास्त जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहानं दगावतात. समजा, ३०,००० अँपिअरची वीज एका झाडावर पडली. प्रवाह मातीत चहूबाजूंना पसरतो आणि झाडापासून दूर जाल तसा विभव, म्हणजे विजेचा दाब, उतरत जातो. तुमचा एक पाय झाडापासून २० मीटरवर, दुसरा साडेवीसवर. जमिनीची रोधकता, म्हणजे प्रवाहाला अडवण्याचा गुण, १,००० ओहम-मीटर धरली (खडकाळ सह्याद्रीत ती याहूनही जास्त असू शकते), तर दोन पायांमध्ये सुमारे ५,८०० व्होल्टचा फरक पडतो. प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. तेच पाय १० सेंटिमीटरवर आणले की फरक १,२०० व्होल्टच्या आत येतो. आणि झाडापासूनचं अंतर दुप्पट केलं की तो साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. झाडाखाली बांधलेली गाय मरते ती यामुळेच. तिच्या पुढच्या-मागच्या पायांत दीडेक मीटर अंतर, आणि मधल्या वाटेत हृदय.

लखलखाट दिसला की सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर पाण्यातून बाहेर, काठ सोडा, बालेकिल्ल्याचा नाद सोडा. आसरा म्हणजे किल्ल्याजवळच्या उधेवाडी गावातलं पक्कं घर; पत्र्याची उघडी शेड किंवा एकटं झाड नव्हे. उथळ कपारीत तर बसूच नका, तिच्या तोंडाशी वरच्या कातळावरून खालच्यावर ठिणगी उडी मारते आणि मध्ये तुम्ही असता. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. ‘थांबलं वाटतं’ म्हणून उठणारेच सापडतात.

उघड्यावर अडकलात तर आडवे पडू नका. पाय जुळवून उकिडवे बसा, हात जमिनीला टेकू नका. यानं जोखीम थोडी कमी होते, संपत नाही. गटातली माणसं पंधरा-वीस मीटर पांगवा, म्हणजे एकदम सगळे आडवे होणार नाहीत आणि मदतीला कुणीतरी उरेल.

वीज लागलेल्याच्या अंगात करंट उरत नाही, हात लावायला घाबरू नका. आधी निपचित पडलेल्याकडे जा, विव्हळणारा थांबू शकतो. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा आणि तोंडानं श्वासही द्या. विजेच्या धक्क्यात हृदय पुन्हा चालू होतं, पण श्वसन बंदच राहू शकतं आणि मग प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबतं.