'गुंडा' आधी कुणाचा होता: टुकार पिक्चरवरच्या प्रेमाची पार्श्वभूमी

'गुंडा' १९९८ चा. व्हिलनचं नाव काय, तो यमक कसं जुळवतो हे इथे बऱ्याच जणांना तोंडपाठ असणार, त्यामुळे स्टोरी सांगत बसत नाही (तशीही तिला शेंडा ना बुडखा). ज्यांनी पाहिलेला नाहीये त्यांच्यासाठी एवढंच, की हिरो हमाल आहे, पिक्चर कधी बंदरावर असतो कधी विमानतळावर, आणि गुंड एकामागून एक येऊन कॅमेऱ्याकडे बघत स्वतःची ओळख शेरोशायरीच्या थाटात करून देतात. आता हा पिक्चर 'कल्ट' झाला तो २००० नंतर इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमधून, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे, पण त्याच्या आधी कुणीतरी तो तिकीट काढून बघतच होतं की. त्या लोकांबद्दल कुणी लिहीत नाही.

लांबच्या भूतकाळात फार शिरत नाही. वाईट पिक्चर मुद्दाम बघायचे आणि वर त्यांचं कौतुक करायचं ही हौस अमेरिकेत जुनी आहे. तिथे १९८० मध्ये एका पुस्तकातून 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'ला सगळ्यात वाईट सिनेमा ठरवलं गेलं आणि मेलेला पिक्चर जिवंत झाला, आणि २००३ च्या 'द रूम'च्या शोला तर लोक अजूनही प्लास्टिकचे चमचे घेऊन जातात आणि पडद्यावर चमच्याचा फोटो दिसला की फेकतात. आपल्याकडे ही हौस उशिरा आली आणि तिचा रस्ताही वेगळा होता, कारण आपल्याकडे ज्यांना 'वाईट' म्हटलं गेलं ते पिक्चर बहुतेक वेळा पडलेले नव्हतेच. सात रामसे भावांनी मिळून काढलेले ते भुतांचे पिक्चर घ्या. १९७२ ला 'दो गज जमीन के नीचे' करताना अख्खं कुटुंब आणि युनिट महाबळेश्वरला जाऊन राहिलं, घरच्या बायकांनी स्वयंपाक-मेकअप सांभाळला आणि थोडक्या पैशात पिक्चर उभा केला. १९८४ चा 'पुराना मंदिर' तर दणकून चालला. शहाणे लोक तेव्हाही नाक मुरडत होते, पण गल्ला जमत होता.

आपल्या मराठीतही तेच. १९९१ ची 'माहेरची साडी' ही मूळ राजस्थानी पिक्चरवरून घेतलेली, आणि पुण्या-मुंबईकडच्या शिकलेल्या मंडळींनी तिची इतकी टर उडवलीये की 'रडकं' म्हणायचं असलं की आजही तिचंच नाव तोंडात येतं. तिकडे गावोगावच्या बायका मात्र पदराला डोळे पुसत दोन-दोन तीन-तीनदा बघून आल्या. त्यांना कुणी विचारलं नाही की बाई, तुम्ही हे सिरियसली बघता का गंमत म्हणून.

आता मुख्य मुद्दा, तो म्हणजे उटी. 'गुंडा'च्याच हिरोनं, म्हणजे 'डिस्को डान्सर'वाल्या मिथुन चक्रवर्तीनं, नव्वदीच्या सुरुवातीला मुंबई सोडून उटीला बस्तान हलवलं, या एका निर्णयावर आजही वाद होतात. आधीचा हिशोब बघा. पहिल्याच पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कार (१९७६), १९८२ च्या 'डिस्को डान्सर'नं सोव्हिएत रशियापर्यंत नाव, आणि १९८९ या एका वर्षात हिरो म्हणून १९ पिक्चर रिलीज, ज्याचा लिम्का बुकात रेकॉर्ड आहे. असा माणूस डोंगरात हॉटेल टाकून तिथेच पिक्चर करायला लागतो. पद्धत सोपी होती. प्रोड्युसरनं यायचं, युनिटची राहण्या-जेवणाची सोय हिरोच्याच हॉटेलात, लोकेशन हाताशी, हिरोच्या डेट सलग मिळणार, त्यामुळे मुंबईत ज्याला महिनोन् महिने लागायचे ते काम झटपट उरकायचं. मग तेच चहाचे मळे, तीच वळणं, तोच बंगला, एका पिक्चरमध्ये व्हिलनचा तर दुसऱ्यात बहिणीच्या सासरचा. बजेट आटोपशीर ठेवायचं, रिलीजच्या आधीच टेरिटरी (म्हणजे एकेका भागात पिक्चर लावायचे हक्क) विकून टाकायच्या, आणि पिक्चर मोठ्या शहरात नाही लागला तरी बिघडत नाही, कारण गणित यूपी, बिहार, एमपी आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या टॉकीजवर बसवलेलं.

टीका करणारे म्हणतात की एका चांगल्या नटानं इथेच स्वतःचं वाटोळं केलं, नुसत्या पाट्या टाकल्या. पण त्याच काळात, म्हणजे १९९२ च्या एका बंगाली सिनेमासाठी, त्याला दुसऱ्यांदा बेस्ट अॅक्टरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, आणि पुढे विवेकानंदांवरच्या सिनेमात रामकृष्ण केल्याबद्दल तिसरा राष्ट्रीय पुरस्कार, तो सहाय्यक अभिनेत्याचा. म्हणजे अभिनय विसरला होता असं काही नाही. दुसरी बाजू म्हणते की मुंबईच्या मोठ्या बॅनरांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं असे छोटे प्रोड्युसर, फायटर, डान्सर, स्पॉटबॉय यांची वर्षानुवर्षं चूल पेटत राहिली ती या कारखान्यामुळे. मला स्वतःला ही दुसरी बाजू जास्त पटते. शिवाय तेव्हा मोठी बॅनरं एनआरआय पब्लिकसाठी परदेशात गाणी शूट करत होती, मग आटपाडी नाहीतर गोंडपिपरीच्या माणसानं बघायचं काय? त्याच्यासाठी मारामारी, बहिणीचा बदला आणि गरीब हिरो हे सगळं द्यायला उटी होती. 'गुंडा' उटीतला दिसत नाही, त्यात बंदर आहे, पण तो याच गणितातून आला. त्यात मराठी रंगभूमीवरचा एक दमदार नट व्हिलनच्या टोळीत आहे हे बघून आपल्याकडच्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा धक्का बसला असेल. तो तिकडे नाटकाचे प्रयोग करायचा आणि इकडे हे, दोन्हीकडे पोटापाण्याचंच.

मग गंमत कधी सुरू झाली? टॉकीज बंद पडायला लागल्या तेव्हा. १९९७ ला दिल्लीत पहिलं मल्टिप्लेक्स आलं, २००१ च्या सुमारास आपल्या राज्यानंही मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट दिली, आणि एकपडदा थिएटरांची मंगल कार्यालयं आणि शॉपिंग सेंटरं व्हायला लागली. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूंनाही उतरती कळा लागली. म्हणजे ज्या पब्लिकसाठी हे पिक्चर होते त्याच्या हातातून पडदा गेला, आणि पिक्चर गेले केबलवाल्याच्या लोकल चॅनेलवर, दुपारच्या स्लॉटला. तिथून सीडीवर. २००७ च्या आसपास तर एका कंपनीनं ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या, पायरेटेडपेक्षा स्वस्त. होस्टेलात तोवर लॅन (सगळे पीसी एकमेकांना जोडणारं नेटवर्क) आली होती, एकाच्या पीसीवर पिक्चर आला की रात्रीत अख्ख्या विंगकडे. ऑर्कुटवर (तेव्हाचं फेसबुकच म्हणा) कम्युनिट्या झाल्या. आणि मग पोरांनी आयएमडीबी या पिक्चरना रेटिंग देणाऱ्या साइटवर जाऊन दहापैकी दहा द्यायचा सपाटा लावला, आठच्या पुढे रेटिंग, भल्याभल्या क्लासिकच्या शेजारी जाऊन बसलं. यावर बाहेरचे लोक चक्रावायचे की हा पिक्चर खरंच एवढा भारी आहे का. चेष्टा होती हे उघड आहे, पण निव्वळ चेष्टाही नव्हती, कारण जो पिक्चर आवडत नाही तो कुणी पन्नास वेळा बघून डायलॉग पाठ करत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. या पोरांनी 'आम्ही शोधून काढला' असं म्हणायला सुरुवात केली. अरे, शोधला कुठून, तुमच्याच गावच्या टॉकीजला लागला होता, तुम्हाला घरच्यांनी जाऊ दिलं नाही एवढंच.

२०१० नंतर हे सगळं भरभर बदललं. 'सूर्यवंशम' १९९९ ला थिएटरात बेताचाच चालला, पण त्याच वर्षी सुरू झालेल्या एका मूव्ही चॅनेलनं तो इतक्या वेळा दाखवला की तो देशाचा सामायिक विनोद झाला, आणि खरं सांगायचं तर लागला की लोक रिमोट खाली ठेवतात. नाकातून गातो म्हणून २००५-०६ ला ज्याची यथेच्छ खिल्ली उडवली त्या टोपीवाल्या गायकाचे, हिमेश रेशमियाचे, २०२५ ला मुंबई-दिल्लीत शो झाले आणि जी पिढी हसत होती तीच तिकीट काढून गळा काढत होती. त्याच वर्षी त्याचा 'बॅडअॅस रवी कुमार' आला, तो ऐंशीच्या दशकातल्या पिक्चरची मुद्दाम केलेली अतिशयोक्ती. माझ्या मते तिथेच गोम आहे. 'गुंडा'तले नट डोळा मारत नाहीत, यमक जीव तोडून म्हणतात, म्हणून ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. ठरवून वाईट केलेलं एकदा बघून होतं. 'गुंडा'तला सगळ्यात जास्त मीम झालेला गुंड करणारा नट २०२१ ला हॉलिवूडच्या सुपरहिरो पिक्चरमध्ये दिसला, तर आपल्या लोकांनी कमेंटमध्ये आधी त्या गुंडाचंच नाव लिहिलं.

मीमच्या काळात हसण्याची धार बदलली हेही सांगायला हवं. मे २०२० मध्ये एका यूट्यूबरनं टिकटॉकवाल्यांना धुणारा व्हिडिओ टाकला, तो तुफान चालला आणि मग छळवणुकीच्या नियमावर बोट ठेवून काढून टाकला गेला. त्यावर बोलताना सगळे 'कंटेंट'वर बोलत होते, पण टिकटॉकवर खेड्यातली, कमी शिकलेली, साध्या मोबाईलवर नाचणारी पोरं-पोरी किती होत्या हे सगळ्यांना दिसत होतं. जूनअखेरीस ते अॅपच सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अॅपच्या यादीत बंद झालं. पूर्वी निदान हसणारा पिक्चरला हसायचा. इथे माणूसच समोर होता, आणि कमेंट वाचत होता.

बारामती तालुक्यातल्या सूरज चव्हाण या रीलवाल्या पोराचं तर आपल्यासमोरच घडलं. त्याच्या बोलण्याची, स्लो मोशनमधल्या एन्ट्रीची, हात उडवत नाचण्याची वर्षानुवर्षं टर उडाली, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं 'बिग बॉस मराठी' या रिअॅलिटी शोचा पाचवा सीझन जिंकला, आणि जे त्याच्या क्लिप 'बघ काय आयटम आहे' म्हणून फॉरवर्ड करायचे त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांनी व्होट केलं होतं. एप्रिल २०२५ ला त्याच्या त्याच नाचाच्या नावानं 'झापुक झुपूक' पिक्चर आला. रीलवर जेवढी गर्दी होती त्या मानानं थिएटरात काही झाली नाही. फुकटात हसणारे तिकिटाच्या रांगेत दिसले नाहीत, आणि जे खरंच तिकीट काढून गेले असते त्यांच्या तालुक्याची टॉकीज आता राहिलेलीच नाहीये.