‘एलिफंट वॉक’ : चहाच्या मळ्यामागचे सिलोन

‘एलिफंट वॉक’ या १९५४ च्या हॉलिवूड चित्रपटाची चर्चा बहुधा नायिकेच्या अदलाबदलीपाशीच थांबते. १९५३ च्या सुरुवातीला सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, चित्रीकरण करून गेलेली अभिनेत्री आजारी पडली, तिच्या जागी दुसरी आली आणि पहिलीची काही दूरची दृश्ये चित्रपटात तशीच राहिली. ही हकिगत खरी असली, तरी ती चित्रपटाची पार्श्वभूमी नव्हे. ज्या इंग्रजी कादंबरीवरून तो निघाला ती १९४८ ची. सिलोनच्या स्वातंत्र्याचे आणि मळ्यांतील मजुरांच्या नागरिकत्वाचा निकाल लावणाऱ्या कायद्याचे वर्षही तेच आहे.

मध्य डोंगराळ भागात इंग्रजांनी आधी कॉफी लावली. १८४० च्या वटहुकुमाने, ज्या जमिनीची मालकी कागदावर सिद्ध होत नव्हती ती सरकारजमा ठरवण्याची सोय झाली आणि कँडी भागातील गावकऱ्यांची फिरत्या शेतीची राने मळेवाल्यांकडे जाऊ लागली. १८६९ पासून तांबेरा या पानांवरच्या रोगाने कॉफी खाल्ली. कँडीजवळ १८६७ मध्ये १९ एकरांवर लावलेला चहा मग सर्वत्र पसरला. मराठीत आपण ‘चहाचा मळा’ म्हणतो खरे, पण मळा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी विहीर, मोट आणि भाजीचे वाफे येथे नाहीत. पान खुडल्यावर काही तासांत त्यावर प्रक्रिया करावी लागत असल्याने प्रत्येक मोठ्या मळ्यात कारखाना होता आणि कॉफीसारखी केवळ हंगामी नव्हे, तर वर्षभर राबणारी माणसे लागत होती.

चित्रपटातला बंगला मळेवाल्याच्या बापाने हत्तींच्या पाण्यावर जाण्याच्या वाटेवरच बांधलेला आहे आणि शेवटी हत्ती तो उद्ध्वस्त करतात. वास्तवात उलटे घडले होते. जंगलतोड आणि सरकारी बक्षिसाच्या लोभाने झालेली शिकार यांमुळे चहाच्या उंच पट्ट्यातील हत्ती एकोणिसाव्या शतकातच जवळजवळ संपले होते. हत्तींची वाट अडवल्याचा अपराध पडद्यावर मान्य होतो. गावकऱ्यांची राने घेतल्याचा विषय निघतच नाही.

मजूर तामिळ मुलखातून आले. बोटीने वायव्य किनाऱ्यावरच्या तलैमन्नारला उतरून, रानवाटेने डोंगराळ भागातल्या मातलेपर्यंत पायी, असा त्यांचा जुना मार्ग होता आणि त्या वाटेवर कॉलरा व हिवतापाने असंख्य माणसे गेली. चित्रपटातील कॉलऱ्याची साथ नाट्यासाठी असली, तरी ती कल्पित संकट नव्हे. मजुरांना गावाहून आणणारा, आगाऊ रक्कम देणारा आणि कामावर देखरेख करणारा मुकादम म्हणजे ‘कंगाणी’. मजुरांच्या एकाला एक लागून असलेल्या खोल्यांना ‘लाइन’ म्हणत. कर्ज फिटल्याची चिठ्ठी, म्हणजे ‘तुंडू’, हाती असल्याशिवाय दुसऱ्या मळ्यात काम मिळत नसे. ही पद्धत १९२१ मध्ये रद्द झाली.

खरा गुंता शब्दाचा आहे. १९११ च्या जनगणनेपासून या लोकांची ‘भारतीय तामिळ’ अशी वेगळी नोंद होऊ लागली. तोवर अनेक कुटुंबांची पिढी सिलोनमध्येच जन्मली होती, तरीही देशाचे नाव त्यांना चिकटले ते भारताचे. १९४७ च्या निवडणुकीत मळ्यांतील मतांवर त्यांच्या संघटनेचे सात उमेदवार निवडून आले. पुढच्याच वर्षी आलेल्या नागरिकत्वाच्या कायद्याने सिलोनमध्ये जन्मलेल्याकडेही बापाचा, किंवा बाप तिथे जन्मलेला नसल्यास आजा आणि पणजा या दोघांचा, जन्म सिलोनमधला असल्याचा पुरावा मागितला. ‘लाइन’मध्ये जन्मलेल्या माणसाकडे बापाच्या जन्माचा दाखला कुठून असणार? कायद्याच्या भाषेत तामिळ हा शब्द नव्हता, आणि समर्थक आजही तेवढ्याच आधारावर तो भेदभावाचा नव्हता असे म्हणतात; परंतु सात जागा गेलेल्या पक्षांना त्याचा लाभ झाला, हे नजरेआड करता येत नाही. १९४९ मध्ये मतदानाचा हक्कही गेला. त्याच वर्षी अर्ज करण्याची वेगळी वाट ठेवण्यात आली. सुमारे आठ लाख माणसांसाठी अर्ज आले आणि सव्वा ते दीड लाखांच्या दरम्यान मंजूर झाले.

१९५२ ची सार्वत्रिक निवडणूक मळ्यांच्या मताविना झाली, त्याविरुद्ध कोलंबोत सत्याग्रह झाला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच हॉलिवूडचे पथक येऊन दाखल झाले. (महाराष्ट्रातील घरांत तेव्हा सिलोन हे नाव गाजू लागले होते ते रेडिओवरच्या हिंदी गाण्यांमुळे.) पडद्यावर ज्या स्थानिक माणसाला वजनदार भूमिका मिळाली, तो बंगल्याचा कारभारी अप्पुहामी नावावरून सिंहली आहे आणि ती भूमिका ब्रह्मदेशात जन्मलेल्या नटाने केली. पाने खुडणारे तामिळ मजूर मात्र डोंगरउतारासारखेच दृश्याचा भाग होऊन राहतात.

त्यांचा प्रश्न १९६४ च्या ऑक्टोबरात भारत आणि सिलोनच्या पंतप्रधानांनी आकड्यांत सोडवला. ९ लाख ७५ हजारांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायचे, ३ लाख सिलोनने, आणि उरलेल्या दीड लाखाचे नंतर पाहायचे. ते १९७४ मध्ये निम्मे-निम्मे वाटले गेले. मजुरांचे मत या वाटणीत फारसे विचारात घेतले गेले नाही. परत पाठवलेल्यांपैकी अनेकजण निलगिरीत पुन्हा चहाच खुडू लागले. १९७२ आणि १९७५ च्या जमीन सुधारणांनी मळे सरकारकडे आले, मालक बदलला, ‘लाइन’ राहिल्या. श्रीलंकेत उरलेल्या राज्यविहीन कुटुंबांना नागरिकत्व देणारा कायदा व्हायला २००३ उजाडले.

शब्दाचा वाद अजून मिटलेला नाही. ‘भारतीय’ हे विशेषण नाकारून या समाजातील अनेकजण स्वतःला ‘मलैयह’, म्हणजे डोंगराळ मुलखातले तामिळ, म्हणवतात. पहिल्या मजुरांच्या आगमनाला दोनशे वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये तलैमन्नारहून मातलेपर्यंत त्याच जुन्या मार्गाने पदयात्रा निघाली.